तिसरी टाकी

माझ्या वडिलांनी जन्मात कधी उपास केला नव्हता. आमच्या घरी उपास आई करायची आणि उपासाची खिचडी बाबा खायचे. त्यामुळे नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात, एका ट्रेलरमध्ये तीन स्वेटर घालून बसलेल्या बाबांनी "आज माझी एकादशी आहे" असं जाहीर केलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. मी फोनवर पंचांग बघितलं. एकादशी होऊन चार दिवस झाले होते.

"निर्जळी आहे," बाबा म्हणाले आणि पुढ्यातला चहा माझ्याकडे सरकवला.

आई जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. बाबा गावी दोन खोल्यांत एकटे राहत होते, सकाळी भात लावून तोच रात्री फोडणी देऊन खात होते आणि फोनवर "मजेत" म्हणत होते. हट्ट करकरून मी त्यांना माझ्याकडे मॉरिसव्हिलला आणलं. सहा महिने राहायची परवानगी होती, पण या गृहस्थांनी आपण होऊन अडीच महिन्यांचं परतीचं तिकीट काढलं होतं. मला ते परत जायला नको होते. याहून जास्त मी त्या वर्षी कशासाठीच जिवाचं रान केलं नाही. पण विषय काढला की उत्तर ठरलेलं, "मुलीच्या घरी पाहुण्यासारखं यावं आणि पाहुण्यासारखं जावं."

आणि ते खरोखरच पाहुण्यासारखे राहायचे. पहाटे उठून पांघरुणाची घडी घालून सोफ्यावर बसून राहायचे. फ्रिज उघडायच्या आधी विचारायचे. माझ्या नवऱ्याला, लग्नाला बारा वर्षं झाली तरी, "जावईबापू, जरा बातम्या लावू का?" असं विचारायचे. मग नवरा उठून उभा राहायचा आणि "अहो बाबा, विचारता काय?" म्हणून रिमोट दोन्ही हातांनी त्यांना द्यायचा. दोघांचा एकमेकांवर जीव होता, पण दोघं एकमेकांशी लग्नातल्या फोटोत उभे असल्यासारखे वागायचे. मला दोघांनाही गदागदा हलवावंसं वाटायचं.

ट्रेलर नवऱ्याचा. एका हिवाळ्यात त्यानं व्हिडिओ बघून बघून तो सेकंडहँड विकत घेतला. गाडीच्या मागे ओढायचं घर: पलंग, ओटा, फ्रिज, आणि कपाटाएवढं बाथरूम. थँक्सगिव्हिंगची चार दिवस सुट्टी होती. म्हटलं, तिघं जण एका डब्यात चार दिवस राहिलो की पाहुणेपण झक मारत सुटेल. मग विषय काढू.

पोचल्यावर नवऱ्यानं बाबांना ट्रेलरचं पाणी समजावून सांगितलं. यात बाबांना रस वाटणार हे मला माहीत होतं, कारण त्यांनी चौतीस वर्षं आमच्या गावच्या नगरपालिकेत पाणीपुरवठ्याचं काम केलं. पाईप दिसला की ते थांबतात. गळका नळ दिसला की त्यांना बसवत नाही. एकदा कुणाकडे माणूस गेलं म्हणून भेटायला गेलो होतो. बाहेर सगळे रडत होते आणि बाबा मोरीत जाऊन नळाचा वायसर तपासत होते.

"तीन टाक्या आहेत, बाबा," नवरा म्हणाला. "एक फ्रेश वॉटरची. एक मोरीच्या पाण्याची, सिंक आणि शॉवर त्यात जातं. आणि ही तिसरी, टॉयलेटची. तिला ब्लॅक टँक म्हणतात."

"आणि ही कोण उपसतं?"

"मीच," नवरा छाती काढून म्हणाला आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे काढून दाखवले. "दहा मिनिटांचं काम. हा जाड होज पाईप कनेक्ट करायचा, तिकडे जमिनीतल्या भोकात सोडायचा, हँडल ओढायचं, डन."

बाबांनी हातमोज्यांकडे बघितलं. जावयाकडे बघितलं. मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नवऱ्याला दारोदार भीक मागायला लावलंय. त्यानंतर त्यांनी ट्रेलरच्या बाथरूमचं दारही उघडलं नाही. कॅम्पग्राउंडची सार्वजनिक बाथरूम्स दोनशे पावलांवर होती. बाबा टॉवेल खांद्यावर टाकून, हातात प्लॅस्टिकचा मग घेऊन, कानटोपी घालून तिथे जायचे. "मला चालायची सवय आहे," म्हणायचे.

पहिल्या रात्री पारा एकोणतीसवर जाणार होता. बाबांनी लगेच सेल्सियस केलं, "म्हणजे उणे दीडच्या पुढे." बाहेरच्या नळापासून ट्रेलरपर्यंत पाण्याचा होज उघड्यावर पडलेला. नवऱ्यानं कुठेतरी वाचलं होतं की पाणी वाहतं ठेवलं तर होज गोठत नाही. म्हणून झोपताना त्यानं सिंकचा नळ अगदी बारीक सोडून ठेवला. टिप. टिप. टिप. आणि ते बाबांना सांगायला तो विसरला.

चौतीस वर्षं ज्या माणसानं गळके नळ बंद केले, त्याच्या उशापासून चार फुटांवर हा प्रकार. सकाळी उठलो तर नळाला फक्त खोकला आला. बाहेर होज काठीसारखा कडक झाला होता. एका टोकाला धरून उचलला तर अख्खा उचलला गेला.

"नळ टिपकत राहिला होता तुमचा," बाबा म्हणाले. "तुम्ही दमला होतात, विसरला असाल. मी बंद केला. वायसर बदलायला हवा."

आता कुठल्याही शहाण्या माणसानं सांगितलं असतं की बाबा, तो मुद्दाम ठेवला होता. माझा नवरा पाण्याशिवाय, चहाशिवाय, दात न घासता उभा होता. तो म्हणाला, "बरं झालं बाबा, तुम्ही बघितलंत म्हणून."

"बरं काय झालं?" मी ओरडले. "पाईप गोठलाय आपला!"

मग बाबांना कळलं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला जीभ चावावीशी वाटली. पाणी खात्यातल्या माणसानं जावयाचं पाणी तोडलं होतं. ते टॉवेल घेऊन दोनशे पावलांवरच्या बाथरूमकडे गेले आणि पाच मिनिटांत परत आले. पाईप फुटू नयेत म्हणून तिथेही कुलूप घातलं होतं. थंडी कमी होईपर्यंत बंद, अशी पाटी.

"इथलं वापरा ना बाबा," मी म्हटलं. "बाटल्यांतलं पाणी आहे की."

"नको. मला गरज नाही." आणि मग ती एकादशी निघाली.

नवरा माझा हेअर ड्रायर घेऊन बाहेर गुडघ्यावर बसला आणि होजला फुटाफुटानं वारा घालू लागला. शेजारच्या ट्रेलरमध्ये एक सत्तरीच्या बाई एका म्हाताऱ्या कुत्र्याबरोबर राहत होत्या. त्या कॉफी घेऊन बाहेर आल्या, बराच वेळ बघत राहिल्या, आणि शेवटी त्यांना राहवलं नाही.

"हनी, दिवसा टाकी भरून घ्या आणि होज काढून आत ठेवा. रात्री टाकीतलं पाणी पंपानं वापरायचं," असं त्यांनी इंग्रजीत सांगितलं. "सगळे तेच करतात."

मी बाबांना भाषांतर करून सांगितलं आणि बाबा खुर्चीतून उठलेच. "म्हणजे दिवसा भरणा, रात्री लाईन बंद, आणि टाकीवरून ठरावीक वेळी पुरवठा? अगं, मी दुसरं काय केलं जन्मभर?"

त्यानंतर तासाभरात आमच्या ट्रेलरवर नगरपालिका आली. दुपारी होजमधला बर्फ वितळल्यावर बाबांनी उभं राहून टाकी भरून घेतली, होज निथळून, गुंडाळून शॉवरमध्ये ठेवला, पंपाचं बटण ताब्यात घेतलं आणि फ्रिजवर कागद चिकटवला: "पाणी सकाळी ६.३० ते ६.४५ व संध्याकाळी ६ ते ६.१५ सुटेल. पाणी जपून वापरावे." त्या गावाची लोकसंख्या दोन होती, मी आणि माझा नवरा. संध्याकाळी सोळाव्या मिनिटाला माझ्या चेहऱ्याला साबण होता.

"बाबा, पाणी!"

"गेलं," दाराबाहेरून उत्तर आलं. "वेळेत आवरायचं."

मी साबण टॉवेलला पुसला. खरं सांगते, मला आनंदच झाला होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले होते. पण स्वतः मात्र त्या पाण्याचा थेंब तोंडात घेत नव्हते. सकाळपासून चहा नाही, पोहे नाहीत, जेवण नाही. खुर्चीवर एका बाजूला कलून, पाय आवळून बसले होते. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस.

मग माझा तोल गेला. नवरा गाडीतून ब्लँकेट आणायला गेला होता, तेवढ्यात मी म्हणाले, "ही एकादशी कसली आहे मला कळत नाही का? आईनं तुमचं दहा वर्षं पथ्यपाणी केलं, तिच्याकडून सगळं करून घेतलंत. माझ्याकडून काय होतं?"

"तुझ्याकडून नाही गं. तू मुलगी आहेस, तू केलं असतंस तर मी गप्प बसलो असतो." ते हळू आवाजात बोलत होते, दार बंद असूनही. "पण ती टाकी ते उपसतात. जावयानं सासऱ्याची घाण उपसायची? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? त्या कुत्र्याच्या बाई?"

"हे बघ, आज ही टाकी आहे. उद्या मी पडलो, अंथरुणाला खिळलो, म्हणजे काय? रोज हेच. म्हणूनच सांगतो, दहा तारखेला मला जाऊ दे."

मला एकदम लख्ख कळलं की आपण ट्रेलरबद्दल बोलतच नव्हतो. तेवढ्यात नवरा ब्लँकेट घेऊन आला आणि बाबा त्याला म्हणाले, "या, या. फार थंडी आहे बाहेर, नाही?"

पहाटे साडेपाचला मला पंपाच्या घरघरीनं जाग आली. पाण्याची वेळ साडेसहाची होती. बाबांनी स्वतःचं वेळापत्रक स्वतःच मोडलं होतं. ट्रेलरमध्ये भिंती नावालाच असतात, त्यामुळे पुढे काय झालं ते मला कळलं, नवऱ्यालाही कळलं. आम्ही दोघं डोळे मिटून पडून राहिलो. नवऱ्यानं तर सभ्यपणा म्हणून खोटं घोरायलाही सुरुवात केली.

बाथरूममध्ये भिंतीवर एक पट्टी आहे, टाक्या किती भरल्या ते दाखवणारे लाल दिवे. तिसऱ्या टाकीचा शेवटचा दिवा लागला होता. पाणी वापरणारी माणसं आपण. टॉयलेट पेपरच्या हिशेबानं केलेली टाकी आपल्याला कुठून पुरणार? बाबांनी तो दिवा बघितला असणार. उजाडायला लागलं तशी दार उघडल्याची चाहूल लागली. मी खिडकीचा पडदा सारला. बाबा बाहेर उभे होते. कानटोपी, तीन स्वेटर, मोजे, मोज्यांवर सँडल, आणि हातात कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे.

"अरे ऊठ," मी नवऱ्याला हलवलं. "बाबा टाकी उपसायला निघाले."

तो घोरायचं सोडून, पायात जे मिळालं ते घालून, पायजम्यावर पळाला. त्याच्या मागे मी. तोपर्यंत पाणीपुरवठ्यातल्या माणसानं तो जाड होज एका बाजूनं ट्रेलरला जोडला होता, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात बसवलं होतं. थंडीनं आखडलेलं हँडल दोन्ही हातांनी ओढलंही होतं. होजमधून गडगड आवाज सुरू झाला होता.

"बाबा, तुम्ही सोडा, मी करतो," नवरा म्हणाला आणि भोकाजवळ होज धरून ठेवला.

"छे छे. तुम्ही आत व्हा, थंडी आहे," बाबा म्हणाले आणि होज स्वतःकडे घेतला.

"अहो, असं कसं? तुम्ही मोठे आहात."

"तुम्ही जावई आहात. आणि आज त्यात माझंही आहे."

"तुमचं-माझं काय बाबा त्यात? द्या इकडे."

"नाही, नाही, मला लाजवू नका."

पंगतीत जिलबीचा आग्रह चालतो तसा तो होज एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे जात होता. दोघंही हसतमुखानं, एकमेकांना अहो-जाहो करत, जोर लावून ओढत होते. शेजारच्या बाई झोपेच्या गाऊनवर कोट घालून बाहेर आल्या.

"आर दे फायटिंग?" त्यांनी काळजीनं विचारलं.

"नो," मी म्हटलं. "दे आर बीइंग पोलाइट."

"माझ्या घरात या कामासाठी कधीच कुणी भांडलं नाही," त्या म्हणाल्या, इंग्रजीत.

त्याच वेळी होज भोकातून निसटला.

पुढचं वर्णन मी करत नाही. एवढंच सांगते की नवऱ्यानं झटकन हँडल आत ढकललं, म्हणून निम्म्यावर निभावलं. पण बाबा होजच्या तोंडासमोर उभे होते. मोजे, सँडल आणि पँट गुडघ्यापर्यंत. बाबा तिथेच उभे राहिले, रबरी हात अंगापासून लांब धरून. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. शरमेनं माणूस किती लहान होतो ते मी त्या दिवशी बघितलं, आणि मला काहीच सुचेना.

नवऱ्याला सुचलं. त्यानं बाबांना धरून घडीच्या खुर्चीवर बसवलं, माझ्या हातात पातेलं दिलं आणि म्हणाला, "पंप चालू कर. पाणी तापव. कोमट." पाणी होतं, कारण आदल्या दुपारी बाबांनीच टाकी भरून ठेवली होती. मी दोन पातेली तापवून आणली. शेजारच्या बाईंनी न विचारता एक बादली, साबणाची बाटली आणि जुने टॉवेल आणून ठेवले आणि त्या जमिनीवर ब्लीच ओतायला लागल्या.

नवरा खाली गवतावर बसला. त्यानं बाबांचे सँडल काढले, मोजे काढले, पँट वर दुमडली.

"नका हो," बाबा पाय मागे घेत म्हणाले. "अहो, नका. मी करतो."

"बाबा, पाय पुढे करा," तो म्हणाला. त्या आवाजात तो बाबांशी कधी बोलला नव्हता. बाबांनी पाय पुढे केले.

मी वरून पाणी घालत होते आणि तो साबण लावून धूत होता. घोटे, टाचा, बोटांच्या मधल्या जागा. मला आमचं लग्न आठवलं. पाटावर हा उभा होता, आई तांब्यानं पाणी घालत होती आणि बाबा खाली बसून याचे पाय धूत होते. तेव्हा मला फार राग आला होता. माझ्या बापानं कुणाचे पाय का धुवायचे म्हणून मी भटजींशी वादही घातला होता. आता आईच्या जागी मी उभी होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

पाय पुसून झाले. नवऱ्यानं स्वतःचे लोकरी मोजे आणून बाबांच्या पायात चढवले आणि पुन्हा हातमोजे घालून उरलेली टाकी उपसायला गेला. बाबांनी त्याला या वेळी अडवलं नाही. खुर्चीत मागे टेकून, होजकडे लक्ष ठेवून बसले. मला धास्ती वाटत होती की आता म्हणतील, मला आजच विमानतळावर सोडा.

"ते तिकीट," बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "पुढे ढकलता येतं का गं?"

"येतं," मी म्हटलं.

"मग ढकल." त्यांनी जावयाकडे बघितलं. तो वाकून हँडल ओढत होता. "आता यांच्यापासून लपवावं असं माझ्याकडे राहिलंय काय?"